थोर आहेत, मान्य. पण मला आवडत नाहीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मंडळी मिळून शास्त्रीय गाणं ऐकण्याच्या बैठकी चालवतो. तिथे रागांबद्दल, घराण्यांबद्दल प्रश्न येतातच. पण चहाच्या वेळी, इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून जे विचारलं जातं ते वेगळंच असतं: 'ते फार मोठे आहेत हो, पण मला ऐकवत नाहीत.' पुढे हेच प्रश्न चिठ्ठ्यांतून, फोनवरून, संदेशांतून येत राहिले. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, अडचणीचे पुढे. सगळं वाचायची गरज नाही, आपापला प्रश्न शोधावा.

१. मला कुमार गंधर्व आवडत नाहीत. माझं काही चुकतंय का?

नाही. या यादीत सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव कुमारजींचंच आहे, आणि सर्वाधिक अपराधी भावही त्यांच्याच बाबतीत दिसतो. त्याचं कारण गाण्याबाहेरचं आहे. महाराष्ट्रातले लेखक, कवी, चित्रकार, संपादक अशी एक मोठी पिढी कुमारजींच्या प्रेमात होती आणि तिने त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं. त्यामुळे ते न आवडणं म्हणजे एका गवयाचं गाणं न रुचणं एवढंच राहत नाही, आपण सुसंस्कृतांच्या पंगतीतून उठवले गेलो असं वाटायला लागतं.

त्यांचं इतिहासातलं स्थान तुमच्या होकारासाठी अडलेलं नाही. तुम्ही निर्धास्त राहा. फक्त 'आवडत नाही' एवढ्यावर थांबू नका. काय आवडत नाही ते शोधा (प्रश्न ३), आणि कुमारजींपुरतं बोलायचं तर प्रश्न ४ वाचा.

२. 'आवडत नाही' आणि 'चांगला नाही' यात फरक काय?

पहिलं वाक्य तुमच्याबद्दल आहे, ते कुणी खोडू शकत नाही. दुसरं गाण्याबद्दल आहे, त्याला पुरावा लागतो: सूर कुठे हलला, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे चुकली, राग कुठे बिघडला. पहिल्या वाक्याला दुसऱ्याचे कपडे घातले की भांडण सुरू होतं. उलटही होतं, ते कुणी लक्षात घेत नाही. 'चांगला आहे' हे पटल्यामुळे 'आवडतो' असं म्हणत राहणारे रसिक आमच्या बैठकीत निम्मे तरी असतील.

३. नेमकं काय खटकतंय हे ओळखायचं कसं?

एकच ध्वनिमुद्रण घ्या, पंधरा-वीस मिनिटं ऐका आणि स्वतःला हे विचारा. आवाजाची जातच नकोशी आहे का (चिरका, नाकातला, जाड, घोगरा)? लय फार संथ आहे का, की फार घाईची? शब्द कळत नाहीत म्हणून राग येतो का? सरगम आली की कंटाळा येतो का? ताना आवडतात पण आलाप नको वाटतो, की उलट? की गाणं ठीक आहे, पण गायकाच्या नावाभोवतीचा धूपच डोक्यात जातो? (या शेवटच्यासाठी प्रश्न १२.)

बहुतेकांच्या नावडीचं मूळ आवाज आणि लय या दोहोंपैकी एकात सापडतं. आवाजाचं काही करता येत नाही. तो कानाला टोचत असेल तर टोचणारच. लयीचं मात्र करता येतं, आणि इथे वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' हा १९६१ सालचा ग्रंथ अजून उपयोगी पडतो. स्वर हे एक टोक आणि लय हे दुसरं टोक मानून त्यांनी घराणी त्यांच्या मधल्या रेषेवर मांडली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर मध्ये. या मांडणीवर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, आणि काही आक्षेप रास्तही आहेत. पण श्रोत्याने स्वतःची जागा शोधायला ती फार सोयीची आहे.

एक गृहस्थ अब्दुल करीम खाँ, भीमसेन, आमीर खाँ अशी तीन नावं घेऊन म्हणाले की मला गाणंच कळत नसावं. यातले पहिले दोघे किराण्याचे. तिसरे इंदूरचे, पण त्यांच्या गाण्यावर किराण्याच्या अब्दुल वहीद खाँची छाया स्पष्ट आहे. म्हणजे तिघेही स्वराच्या टोकाकडचे. त्या गृहस्थांना आग्र्याच्या फैयाज खाँचा नोम-तोम (तबल्याशिवाय, 'नोम', 'तोम' अशा अक्षरांवरचा आलाप) आणि त्यानंतरची, तबल्याशी झोंबणारी बोलतान (बंदिशीच्या शब्दांवरची तान) ऐकवली, तर ते खुर्चीवरून पुढे सरकून बसले. तुम्हाला न आवडणाऱ्या तीन-चार जणांची नावं एका कागदावर लिहा. बऱ्याचदा ती एकाच बाजूची निघतात.

४. कुमारजींचं गाणं मला तुटक वाटतं. हे माझ्या कानांना वाटतंय की ते खरंच तसं आहे?

ते तसं आहे. छोटे, धारदार स्वरसमूह, मध्येच एकदम उंच फेक, लगेच कुजबुजीइतका बारीक आवाज, मग शांतता. लांब, अखंड आलापाची सवय झालेल्या कानाला हे अडखळल्यासारखं वाटतं.

यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लहानपणापासून मैफली गाजवणारा हा मुलगा, देवधर मास्तरांकडे मुंबईत शिकलेला, ऐन पंचविशीच्या आत क्षयाने आजारी पडला. १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी देवासला गेला. पुढची साधारण पाच वर्षं गाणं बंद होतं. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं. त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, आणि परत गायला लागले तेव्हा ती सोबत आली. दम कमी, म्हणून तुकडे लहान, असं सरळ समीकरण मांडलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. प्रत्येक रागाचा विस्तार एकाच ठरलेल्या चढत्या क्रमाने करायचा, हेच त्यांना मान्य नव्हतं. बंदिश जे सांगते तेवढंच आणि तसंच मांडायचं, हा विचार होता. निरोगी असते तरी ते किराण्यासारखे गायले असते असं मला वाटत नाही.

आता सल्ला. आजारपणाची गोष्ट ऐकून गहिवरून त्यांना आवडून घेऊ नका, तो त्यांचा अपमान आहे. आणि निर्गुणी भजनांपासून (कबीरासारख्या संतांची, निराकार ईश्वराची भजनं) सुरुवात करू नका. लोक नवख्याला हटकून तिकडेच ढकलतात. ती आवडली तर कुमारजी आवडले असा समज होतो, नाही आवडली तर दार कायमचं बंद. त्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या मध्यलयीतल्या बंदिशी ऐका. १९६५ साली आलेल्या 'अनूपरागविलास' या संग्रहात त्या छापल्या आहेत आणि अनेक त्यांच्याच आवाजात उपलब्ध आहेत. ऐकताना पहिली दोन मिनिटं फक्त तंबोऱ्यांकडे लक्ष द्या. तंबोरे जुळवण्याबाबत हा माणूस कमालीचा काटेकोर होता. तुटक वाटणाऱ्या जागांमध्ये ते तंबोरे काय करतात हे ऐकल्यावर काहींचं मत बदलतं. काहींचं बदलत नाही. तिथे विषय संपवावा.

५. आमीर खाँ ऐकताना मला झोप येते. जाणकारांसमोर हे बोलायचीही सोय नाही.

झोप येते हे नवल नाही. चौदा मात्रांचा झुमरा ते इतका संथ ठेवायचे की एक आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ मिनिट लागावा. सम येईपर्यंत आपण मागची सम विसरलेलो असतो. शिवाय आवाज खर्जाकडे झुकलेला, शब्दांशी लाडीगोडी नाही, श्रोत्याकडे वळून बघणं नाही.

सम शोधायचा नाद आधी सोडा. त्यांच्या आलापीमागे मेरुखंड नावाची पद्धत आहे: थोडे स्वर घ्यायचे आणि त्यांचा क्रम पालटत राहायचा. चार स्वरांचे २४ क्रम होतात, सातांचे ५०४०. अर्थात ते पाढे म्हणत नव्हते, त्यातलं रागाला शोभेल तेवढंच घ्यायचे. पण 'आता हेच तीन-चार स्वर हे कुठल्या क्रमाने आणतील' असा कान लावला की वीस मिनिटं जाग राहते. तेही जमत नसेल तर 'बैजू बावरा' (१९५२) मधली दत्तात्रय विष्णु पलुस्करांबरोबरची देसी रागातली जुगलबंदी ऐका. तिथे खाँसाहेब चित्रपटाच्या घड्याळात बांधलेले आहेत, डुलकी लागायला वेळच नाही.

आणि रात्री आडवं पडून ऐकू नका. हे सांगावं लागतं.

६. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकल्या. एवढं वेड लागण्यासारखं त्यात काय होतं?

तुम्ही जे ऐकलं ते त्या वेडाचा एक कोपरा आहे. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२० च्या दशकाच्या मध्यावर आलं. त्याआधी गायकाला भोंग्यात तोंड घालून, ओरडून गावं लागे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तबकडी फिरण्याचा वेगही नेहमी बरोबर मिनिटाला ७८ फेऱ्यांचा नसे, त्यामुळे आज ऐकताना आवाज असावा त्यापेक्षा चढा किंवा बारीक येऊ शकतो. रंगभूमीवर तेच पद 'वन्समोअर' घेत घेत कितीतरी वेळ चाले, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस असे, आणि समोर शालू नेसलेली भामिनी, म्हणजे 'मानापमान'च्या नायिकेच्या भूमिकेतले बालगंधर्व, उभी असे. ते सगळं तीन मिनिटांत मावणार कसं?

शिवाय बालगंधर्व १८८८ चे. उतारवयातली, आवाज थकल्यानंतरची ध्वनिमुद्रणंही फिरत असतात आणि अनेकांनी तेवढीच ऐकलेली असतात. कुठल्या काळातलं आहे हे बघून ऐका.

हाच बचाव अब्दुल करीम खाँना मात्र लावू नका. त्यांच्या गाजलेल्या तबकड्या १९३० च्या दशकातल्या, म्हणजे विजेच्या ध्वनिमुद्रणाच्या काळातल्या आहेत. तो बारीक, किंचित नाकातला, कापऱ्या धारेचा आवाज तसाच होता. तो नको वाटत असेल तर दोष तबकडीचा नाही.

७. 'ऐकून पाहिलं, नाही आवडलं' असं म्हणायचा अधिकार मिळवायला किती ऐकावं लागतं?

अधिकार वगैरे काही नसतो. पण स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर माझा अंदाजे हिशेब असा: एक पूर्ण बडा, म्हणजे संथ लयीतला ख्याल, एक मध्यलयीतली चीज (बंदिश), एक ठुमरी, नाट्यपद किंवा भजन, आणि शक्यतो एक बैठकीतलं, म्हणजे स्टुडिओत न केलेलं ध्वनिमुद्रण. चारही वेगवेगळ्या दिवशी. ॲपवर ऐकत असाल तर 'शफल' बंद करा. विलंबितानंतर द्रुत यायच्या जागी तिसऱ्याच गायकाचं भावगीत वाजलं तर गवयाने काय करावं?

वेळही बघा. दरबारी किंवा मालकंस हा रात्रीचा राग सकाळी दहाच्या बसमध्ये, हॉर्नच्या संगतीत ऐकून नापसंत केला तर तो निकाल धरू नका. हे राग प्रत्यक्ष मैफलीत त्यांच्या वेळेला ऐकणं आता अवघडच झालं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनंतर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतात, उघड्या मैदानातल्या रात्रभराच्या मैफली आटल्या. एक अख्खी पिढी संध्याकाळच्या रागांवर वाढली आहे.

८. सारखं ऐकलं की आवडायला लागतं म्हणतात. खरं का?

काही प्रमाणात. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती बरी वाटायला लागते. परिचयानेच ओढ वाढते. पण हे लागू होतं ते मुळात उदासीन असलेल्या माणसाला. पहिल्या भेटीतच चीड आली असेल तर पुनःपुन्हा ऐकण्याने ती चीडच पक्की होऊ शकते. म्हणून 'काही वाटत नाही' असा गायक पुन्हा ऐकत राहा. 'नको वाटतो' असा गायक वर्षभर बाजूला ठेवा आणि मग एकदा बघा. दर आठवड्याला औषधासारखा घेऊ नका.

९. आधी भीमसेन जीव की प्राण होते. आता पहिला आलाप आला की बंद करावंसं वाटतं. असं का?

तुम्ही कदाचित भीमसेनजींना कंटाळलेला नाहीत. त्यांच्या चार-पाच अभंगांना कंटाळला आहात. आषाढीला, दिवाळी पहाटेला, गणपतीच्या मांडवात, सोसायटीच्या पूजेला तेच वाजतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही तेच, तिथे तर वर्षातून दोनदाच गाणं ऐकायला मिळतं आणि दोन्ही वेळा तेच असतं, अशी तक्रार एका बाईंनी केली होती.

संतवाणी सहा महिने बंद ठेवा. पूरिया, मुलतानी, शुद्ध कल्याण, अभोगी यांची लांब ध्वनिमुद्रणं ऐका. जुनी, साठ-सत्तरच्या दशकांतली निवडा. तो कोसळणारा तानेचा लोट परत सापडेल. सापडला नाही, तर तुमचा कान पुढे गेला आहे. आवड बदलली म्हणजे आधीची खोटी होती असं नाही.

जाता जाता: 'त्यांचे हातवारे आणि चेहरा बघवत नाही' असंही बरेच जण लिहितात. ध्वनिफीत ऐका, चित्रफीत बघू नका. याहून लांब उत्तराची गरज वाटत नाही.

१०. जयपूर घराण्याचं गाणं मला फार आवडतं, पण किशोरीताई आमोणकर आवडत नाहीत. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे, आणि हा या यादीतला सर्वांत चांगला प्रश्न आहे. किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर या जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ साहेबांच्या शिष्या. आईकडून किशोरीताईंना मिळालेली जयपूरची तालीम म्हणजे लयीला घट्ट बांधलेलं गाणं. आलाप लयीच्या अंगाने, पेचदार ताना, एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत न तुटणारी ओढ. केसरबाई केरकर, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याकडे ते तसं ऐकू येतं. मन्सूर तर ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत, आणि फार संथही जात नाहीत. प्रश्न ५ मधल्या झोपाळूंना मी त्यांच्याकडेच पाठवतो.

किशोरीताईंनी ही वीण जाणूनबुजून सैल केली. स्वराचा भाव पुढे आणला, आलाप ऐसपैस केला, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) लांबवली. घराण्याच्या कट्टर रसिकांनी त्यांच्या हयातीत हेच आक्षेप घेतले होते, तेव्हा तुम्ही एकटे नाही. जी लयीची बांधणी तुम्हाला प्रिय आहे तीच त्यांनी बाजूला ठेवली, तर त्या तुम्हाला आवडाव्यात कशाला? तरीही सुरुवातीच्या काळातल्या त्यांच्या तबकड्या एकदा ऐका, भूप आणि जौनपुरी विशेष. तिथे आईची तालीम अजून ठळक आहे.

११. कलावंताचं वागणं खटकतं, म्हणून गाणंही नको वाटतं. हे अन्यायाचं आहे का?

वागणं कुठलं त्यावर आहे. श्रोते बोलले म्हणून गाणं थांबवणं, ध्वनिव्यवस्था मनासारखी होईपर्यंत सुरुवात न करणं, यावरून किशोरीताईंना तऱ्हेवाईक म्हटलं गेलं. मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. समोर वेफर्सची पाकिटं फुटत असताना तोडी मांडायची कशी? असल्या गोष्टींवरून गाणं सोडू नका.

शिष्यांचं शोषण, अत्याचार अशा गोष्टी असतील तर प्रकरण वेगळं. तिथे गाणं ऐकताना घशात अडकत असेल तर ते सोडायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र तेव्हा 'मुळात ते काही एवढे गात नव्हतेच' असं मागाहून म्हणू नये. गात असतील. तरीही ऐकणार नाही, एवढं पुरे.

१२. खरं तर मला त्या गायकापेक्षा त्यांच्या भक्तांचाच राग येतो. काय करावं?

गायकाला एकट्याने भेटा. चरित्रं, आठवणी, गौरवलेख, निवेदकाची प्रस्तावना, 'आम्ही त्या रात्री होतो' असं सांगणारे काका, हे सगळं बाजूला ठेवून. निवेदन असेल तर पुढे सरकवा. कुमारजींच्या बाबतीत मी हा उपाय सर्वाधिक वेळा सुचवला आहे, आणि दुसऱ्या कशाहीपेक्षा तो जास्त लागू पडला आहे. त्यांच्यावर लिहिलेल्या गद्याला वैतागलेले कितीतरी लोक त्यांच्या गाण्यावर सुखाने नांदतात.

१३. नासाने ज्यांचं गाणं अवकाशात पाठवलं, त्या केसरबाई मला कर्कश वाटतात. मग माझंच अज्ञान म्हणायचं ना?

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, हे खरं. साडेतीन मिनिटांची भैरवी. त्यांची खरी ताकद ख्यालात, दमसासात आणि त्या रुंद, मोकळ्या आकारात होती. ध्वनिमुद्रणाबाबत त्या उदासीन असल्यामुळे लांब ख्याल फार थोडे हाती आहेत. एखादा मिळाला तर ऐका. अवकाशयानाचा दाखला मात्र विसरून जा. मानसन्मान पाहून कान हलत नाहीत.

१४. सासरे कट्टर कुमारभक्त आहेत. दर रविवारी निर्गुणी भजनं लागतात आणि 'काय, कसं वाटलं सूनबाई?' विचारतात. काय उत्तर देऊ?

'छान' म्हणू नका, पुढच्या रविवारी जास्त वेळ लागेल. एखादी खरी, नेमकी गोष्ट सांगा: 'बाबा, सुरुवातीचा तंबोरा फार सुंदर लागला होता.' किंवा त्यांनाच विचारा: 'इथे एकदम आवाज का उंच नेला?' भक्ताला कौतुकापेक्षा प्रश्न जास्त आवडतो. तो अर्धा तास बोलेल आणि तुमचं मत विचारायचं विसरेल. नातं मुरल्यावर खरं सांगून टाका. आमच्या ओळखीतल्या एका घरात याच विषयावरून सासरे-सुनेची चांगली गट्टी जमली. सूनबाई ठुमरी गायिका शोभा गुर्टूंच्या चाहत्या निघाल्या, आता रविवार आलटूनपालटून असतो.

१५. मी गाणं शिकतो. गुरुजी ज्यांना दैवत मानतात ते गवई मला आवडत नाहीत. गुरुजींना सांगू का?

पहिली काही वर्षं नको. घाबरून नव्हे. शिकण्याच्या काळात आपली नावड बऱ्याचदा आपल्या गळ्याला जे येत नाही त्याची असते. गमक (स्वराला जोरदार हेलकावा देणं) जमत नाही तोवर गमकेचं गाणं ओबडधोबड वाटतं, आणि जमली की त्याच गायकाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो. तोवर त्या गवयाची एक जागा उचलून दाखवायचा प्रयत्न करा. गुरुजींना आनंद होईल आणि नेमकं काय अवघड आहे ते तुम्हाला कळेल.

गळा बसल्यावरही नकोच वाटले, तर गुरुजींना विचारा: 'माझ्या आवाजाला ही रीत मानवत नाही असं वाटतं, तुमचं काय मत?' चांगले गुरुजी यावर रागावत नाहीत. उलट बऱ्याचदा त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

१६. लताबाई आवडत नाहीत असं म्हटलं तर लोक माणसांतून उठवतात. काय करायचं?

चारचौघांत म्हणू नका. गंमत सोडली तर त्यांची कारकीर्द इतकी लांब आहे की 'लता आवडत नाही' या वाक्याला अर्थच नाही. 'महल' (१९४९) मधला आवाज आणि नव्वदच्या दशकातला आवाज यांत चार दशकांचं अंतर आहे. बहुतेकांना टोचते ती चढी पट्टी. ती संगीतकारांनी ठरवलेली असे. पट्टी खाली असलेली गाणी शोधून ऐका. तरीही नाही जमलं तर गीता दत्त आहेत, आशाबाई आहेत. हिंदुस्थानात गाण्याची टंचाई नाही.

१७. मला कुणाचंच गाणं आवडत नाही. शास्त्रीय, सिनेमाचं, कुठलंच. हे थोर कलावंतांपुरतं नाही.

मग वरचं काहीच तुम्हाला लागू नाही. बाकी सुखं नीट उपभोगणाऱ्या, ऐकूही नीट येणाऱ्या, पण संगीताने काहीच न वाटणाऱ्या माणसांवर बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अशी माणसं थोडी असली तरी असतात. तो आजार नाही, दोष तर नाहीच. पूर्वी गाण्याने आनंद व्हायचा आणि आता कशानेच होत नाही, असं असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला. ती निराळी गोष्ट आहे.

१८. तुम्हाला स्वतःला कोण आवडत नाही? टाळू नका.

आमीर खाँ. प्रश्न ५ चं उत्तर एवढं तपशिलात का आलं ते आता कळलं असेल. त्यांचा मारवा किती मोठा आहे हे मला दिसतं, त्यातली बांधणी मी कुणालाही समजावून सांगू शकतो, आणि बैठकीत सांगतोही. पण मी आग्र्याच्या गाण्यावर वाढलो. मला गवई शब्दांशी खेळायला हवा, तबलजीला डिवचायला हवा, समेवर येताना चोरपावलाने यायला हवा. खाँसाहेब यातलं काही करत नाहीत, करायची त्यांना इच्छाही नाही. त्यांच्या गाण्यात मी पाहुणा म्हणून बसतो, अदबीने, आणि वेळ झाली की उठतो.

यावर 'अजून थोडं ऐका, मग कळेल' असं सांगणारे भेटतात. कळलेलं आहे. कळणं आणि रुचणं एकाच वेळी घडायलाच हवं असा नियम नाही.

१९. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा सीझन पास काढला आहे. मधल्या सत्रात नावडते गायक आहेत. उठून गेलं तर चालेल का?

जरूर जा. फक्त बडा ख्याल चालू असताना, भारतीय बैठकीच्या मधोमध बसलेल्या तीस जणांचे गुडघे ओलांडत जाऊ नका. कलावंत तंबोरे लावत असतानाच उठा, किंवा मागे खुर्च्यांत कडेची जागा धरा. बाहेर खाण्याचे ठेले असतात, पुस्तकांचे आणि ध्वनिमुद्रणांचे असतात, छायाचित्रांचं प्रदर्शन असतं. तासभर सहज जातो. ध्वनिक्षेपकावरून गाणं तिथेही ऐकू येत राहतं. परत येताना द्रुत चीज संपायची वाट बघा, आणि जागा राखायला शेजारच्या आजोबांना सांगून गेला असाल तर त्यांच्यासाठी चहा आणा.